दफ्तराची सफाई आणि गहाळ कागदांचा शोध

बेळगावहून खानापूर आणि लोंढा ओलांडून गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अनमोडचा घाट लागण्यापूर्वी, उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातले रामनगर हे गाव लागते. सह्याद्रीच्या माथ्यावरील दाट रानात, तिनईघाट आणि कॅसलरॉक या रेल्वे-स्थानकांच्या आसमंतात वसलेल्या या गावाच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना त्याच्या स्वतःच्या भूमीवर घडलेलीच नाही. काळी नदीवर सुपा येथे १०१ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, १९८७ साली ते पुरे झाले, आणि त्याच्या जलाशयाखाली ज्यांची घरे, शेते आणि देवस्थाने गेली अशा कितीएक कुटुंबांचे पुनर्वसन येथे झाले. जुने सुपा गाव, जे एके काळी तालुक्याचे ठिकाण होते, ते बुडाले. कचेरी जोयड्यास गेली. आणि कानडी, कोंकणी व मराठी अशा तिन्ही भाषांत व्यवहार करणारी माणसे आपल्याबरोबर आणता येण्याजोग्या वस्तू घेऊन नव्या जागी आली. त्या वस्तूंत कागद होते. जमीन डोळ्यांआड झाल्यावर तिचा उतारा, मोजणीचा नकाशा, वडिलांच्या नावाचा दाखला हीच तिची साक्ष उरते, आणि म्हणून ज्या गावाने आपली भूमी गमावली त्या गावाला कागद गमावण्याचा अर्थ इतरांपेक्षा अधिक कळतो.

येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. जुन्या दफ्तरात बुडालेल्या शेताची नोंद जशीच्या तशी राहते आणि शेत मात्र नाहीसे होते. संगणकात पुसलेल्या फाइलीची अवस्था याच्या नेमकी उलट असते, म्हणजे नोंद काढून टाकली जाते आणि वस्तू काही काळ आपल्या जागी निश्चल पडून राहते. सुप्याच्या जलाशयाचे पाणी उन्हाळ्यात फार खाली जाते तेव्हा जुन्या वस्तीचे अवशेष उघडे पडतात. पुसलेली फाइलही तशीच, वरचे आवरण दूर सारणारा कोणी भेटला तर पुन्हा दृष्टीस पडते. नोंद आणि वस्तू यांमधला हा भेद ज्याला उमगला त्याला सफाई करणाऱ्या आणि हरवलेल्या फाइली शोधून देणाऱ्या प्रणालींच्या बहुतेक सर्व तक्रारींचे मूळ उमगते, असे माझे मत आहे. आणि हा भेद आपल्या मुलखाला संगणकापूर्वी कित्येक शतके ठाऊक होता, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

कर्नाटकात, विशेषतः मठांच्या, व्यापाऱ्यांच्या आणि गावच्या शानभोगांच्या, म्हणजे कुलकर्ण्यांच्या, हिशेबात, कडत नावाची एक वही वापरात असे. सुती कापडाच्या लांब पट्टीला चिंचोक्याची खळ आणि कोळशाची पूड यांचा लेप देऊन ती काळी व ताठ करीत, घड्या घालून तिची वही बनवीत, आणि बलपाच्या, म्हणजे मऊ शंखजिऱ्याच्या, कांडीने तिच्यावर पांढरी अक्षरे लिहीत. ओल्या फडक्याने पुसली की तीच जागा नव्या लिखाणास मोकळी होई. न पुसली तर तेच लिखाण पिढ्यानुपिढ्या टिके. शृंगेरी मठाची कडते प्रसिद्ध आहेत, आणि मार्क विल्क्स याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या दक्षिण हिंदुस्थानच्या इतिहासात या वहीचे वर्णन कौतुकाने केले आहे. टिपूच्या पाडावानंतर १७९९ साली कानडा प्रांताची जमाबंदी हाती घेणाऱ्या टॉमस मन्रोने तेथल्या जमीनमहसुलाचा विजयनगरापासूनचा इतिहास जुळवला, तो अशा जुन्या स्थानिक हिशेबांच्याच आधाराने. पुसता येणारे आणि पुन्हा लिहिता येणारे साधन हा विसाव्या शतकाचा शोध नव्हे. कडतावर लिहिणारा कारकून जुना हिशेब पुसण्यापूर्वी तो खात्यावर चढला की नाही याची रुजुवात करीत असणार, कारण एकदा नवे अक्षर जुन्यावर उमटले की मूळ मजकूर कोणालाही परत आणता येत नसे.

मराठी राज्याच्या दफ्तराची हकीकत याहून गुंतागुंतीची आहे. पेशव्यांचे हुजूर दफ्तर नाना फडणिसांच्या अमदानीत अत्यंत शिस्तीत होते. मोडीत लिहिलेले कागद सालवार, प्रांतवार लावून रुमालांत बांधले जात आणि मागेल तो कागद हजर होई. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत ती शिस्त मोडली, देखरेख ढिली पडली आणि कागद इतस्ततः झाले. १८१८ साली राज्य इंग्रजांकडे गेल्यावर एल्फिन्स्टन या इंग्रज कमिशनराने दफ्तराची व्यवस्था मॅक्लाउड या अधिकाऱ्याकडे सोपवली आणि कागद एकत्र करून लावण्याचे काम सुरू झाले. पुढे १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन आले. इनामदाराचा हक्क खरा की खोटा हे कागदावरून ठरू लागताच कागद ही जीवनमरणाची वस्तू झाली. कोणी ते लपवले, कोणी बनवले, कोणाच्या घरून ते सरकारजमा झाले. या कमिशनने लोकांच्या मनात जी दहशत निर्माण केली तिची आठवण जुन्या घराण्यांत दीर्घकाळ राहिली, आणि ‘कागद बाहेर काढू नये’ ही वृत्ती पुढच्या संशोधकांना पदोपदी आडवी आली, ती बहुतांशी याच काळाची देणगी होय.

त्या संशोधकांत विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे स्थान सर्वांत वरचे. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, आणि १९२६ च्या अखेरीस देह ठेवीपर्यंत राजवाडे गावोगाव, वाड्यावाड्यांतून, माळ्यावरचे आणि तळघरातले रुमाल हुडकीत हिंडत राहिले. पुण्यातील पेशवे दफ्तराचा अवाढव्य संग्रह तर सरकारी इमारतीत सुरक्षित होता. परंतु १९३० ते १९३४ या काळात गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यातून निवडलेल्या कागदांचे ४५ भाग छापून प्रसिद्ध केले तेव्हाच तो सामान्य अभ्यासकाच्या हाती लागला. कागद होता आणि तरीही अभ्यासकाच्या दृष्टीने तो नव्हता. आज संगणकावर ‘फाइल गेली’ म्हणून कळवळणाऱ्या माणसांपैकी पुष्कळांची फाइल गेलेली नसते. ती दुसऱ्या फोल्डरात, दुसऱ्या खात्यात किंवा दुसऱ्या नावाने पडलेली असते. म्हणून शोधप्रणाली चालवण्याअगोदर साधी झडती घ्यावी, हा पहिला उपाय आहे आणि तोच बहुधा वगळला जातो.

आता सफाईच्या बाजूकडे वळू. उत्तर कानडा जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मुंबईकडेच राहिला. सुप्याच्या कचेरीतले कागदही त्यामुळे मुंबई इलाख्याच्याच वळणाने लावले जात. या वळणाचे सार असे की, काम संपलेल्या प्रत्येक प्रकरणाला त्याच वेळी वर्ग द्यावयाचा. ‘अ’ वर्गाचे कागद कायम राखायचे, ‘ब’ वर्गाचे ३० वर्षे, ‘क’ वर्गाचे १० वर्षे, आणि ‘ड’ वर्गाचे वर्षभर ठेवून मग नष्ट करायचे. अहमदनगरचे कलेक्टर अँडरसन यांच्या नावाशी निगडित असलेली सहा गठ्ठा पद्धत हीसुद्धा याच शिस्तीचे अपत्य: हातातले काम, उत्तराची वाट पाहणारे कागद, ठराविक मुदतीची विवरणपत्रे, स्थायी आदेश, अभिलेखागारात धाडायचे कागद आणि नाश करायचे कागद, असे सहा गठ्ठे प्रत्येक कारकुनाच्या मेजाशी असत. त्याच अहमदनगरात १९८० नंतर जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी जुन्या कागदांचे डोंगर निकालात काढून कचेरीचा कायापालट केला, तो ‘लखिना पॅटर्न’ म्हणून महाराष्ट्रभर गाजला.

या पद्धतीतले मर्म मुदतीत आहे. नाश करायचा गठ्ठा शेवटचा आहे, तो निराळा आहे, आणि तो ताबडतोब जाळला जात नाही. त्याची यादी होते, वरिष्ठ ती पाहतो, आणि मगच कागद जातो. निर्णय आणि नाश यांमध्ये जाणूनबुजून ठेवलेले हे अंतर म्हणजे मनुष्याच्या प्रमादाला दिलेली सवलत होय. ज्यांनी ही रचना केली त्यांच्या व्यवहारज्ञानाविषयी मला नितांत आदर वाटतो.

संगणकाच्या आरंभकाळात हे अंतर यंत्राच्या घडणीतूनच आपोआप मिळत होते. डॉस प्रणालीत फाइल पुसली म्हणजे तिच्या नावाचे पहिले अक्षर तेवढे एका खुणेने बदलले जाई आणि तिने व्यापलेली जागा मोकळी म्हणून नोंदली जाई. आतला मजकूर तसाच राही. पीटर नॉर्टन याने १९८२ साली हे ओळखून पुसलेली फाइल परत आणणारी प्रणाली बाजारात आणली, आणि १९९१ च्या डॉसच्या पाचव्या आवृत्तीत ती सोय मुळातच अंतर्भूत झाली. फाइल परत मागताना यंत्र वापरणाऱ्याला विचारी की, नावाचे पहिले अक्षर कोणते? बाकीचे सर्व त्याच्यापाशी असे, एक अक्षर माणसाने आठवायचे. १९९५ मध्ये विंडोजमध्ये कचरापेटी आली आणि सहा गठ्ठ्यांतला शेवटचा गठ्ठा जणू पडद्यावर अवतरला. फरक एवढाच की तिची यादी पाहण्याची सक्ती कोणावर नव्हती.

त्याच दशकात पुण्यात एक मराठी अध्याय लिहिला जात होता. गणकयंत्रांच्या दुरुस्तीपासून व्यवसायास आरंभ केलेले कैलास काटकर आणि संगणकशास्त्र शिकलेले त्यांचे बंधू संजय यांनी विषाणूंचा बंदोबस्त करणारी क्विक हील ही प्रणाली उभी केली. तो काळ मायकेलअँजेलोसारख्या विषाणूंचा होता, जो ६ मार्च या तारखेला जागा होऊन डिस्कच्या आरंभीच्या भागावर, म्हणजे नोंदींच्याच जागेवर, निरर्थक अक्षरे लिहून टाकी. दुरुस्तीच्या दुकानातून निघालेली ही संस्था २०१६ साली शेअर बाजारात गेली, आणि तिच्या उत्पादनांत विषाणूनाशकाबरोबर यंत्राची सफाई करणारी पीसी-ट्यूनर ही प्रणालीही आली. कचरा काढणे आणि गेलेले परत मिळवणे ही दोन्ही कामे दुरुस्ती करणाऱ्याच्याच हातून वाढली, ही गोष्ट मला फार स्वाभाविक वाटते. पूर्वी दफ्तर साफ करणारा आणि कागद शोधून देणारा कारकूनही एकच असे.

आता अडचणींचा विचार. सर्वांत वारंवार येणारी तक्रार अशी की, शोधप्रणालीने फाइल ‘उत्तम अवस्थेत’ असल्याचे दाखवले, ती परत आणली, आणि उघडली तर उघडेना. याचे कारण प्रणाली मजकूर वाचून ग्वाही देत नाही. ती एवढेच पाहते की त्या जागेवर सध्या दुसऱ्या कोणत्या हयात फाइलीचा हक्क आहे काय. मधल्या काळात तेथे दुसरी फाइल येऊन तीही पुसली गेली असेल, तर हक्कदार कोणी दिसत नाही आणि मूळ मजकूर मात्र गेलेला असतो. दुसरी तक्रार नावांची. नोंदींचा भाग नष्ट झाला असता फोटोरेक यासारख्या प्रणाली डिस्कवरचा कच्चा मजकूर वाचीत जातात आणि छायाचित्राच्या आरंभी असणाऱ्या ठराविक खुणांवरून फाइल ओळखतात. तिचे नाव, तारीख, फोल्डर ही नोंदीबरोबरच गेलेली असल्याने हजारो चित्रे केवळ आकड्यांच्या नावाने हाती येतात. तुकड्यातुकड्यांनी साठवलेली फाइल असेल तर अर्धे चित्र एका लग्नाचे आणि खालचा भाग करडा, असेही होते. यात प्रणालीचा दोष नसतो. रुमाल सुटून विखुरलेले बंद लावताना मोडी वाचकालाही हेच सोसावे लागे.

तिसरी अडचण माणूस स्वतःच्या हाताने ओढवून घेतो. फाइल गेली असे कळताच तो घाबऱ्या घाबऱ्या शोधप्रणाली उतरवून घेतो, आणि ती त्याच डिस्कवर बसवतो. ज्या मोकळ्या जागेत त्याची हरवलेली फाइल पडलेली असते तेथेच नवी प्रणाली जाऊन बसण्याचा संभव असतो. म्हणून त्या क्षणी यंत्र बंद करावे, डिस्क काढून दुसऱ्या यंत्रास जोडावी, सापडलेल्या फाइली तिसऱ्या ठिकाणी उतरवाव्यात. आणि डिस्क खडखडत असेल, वाचता वाचता अडकत असेल, तर शोधाचा हट्ट सोडून आधी तिची समग्र प्रतिकृती घ्यावी व पुढचे सर्व काम त्या प्रतिकृतीवर करावे. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या एका नव्या आवृत्तीने काही लोकांच्या कागदपत्रांच्या फाइली पुसल्या, तेव्हा चार-पाच दिवसांत तिचे वितरण थांबवावे लागले आणि खुद्द मायक्रोसॉफ्टने बाधितांना सांगितले ते हेच, की यंत्राचा वापर शक्य तितका कमी करा. त्याच आवृत्तीत सफाईच्या यादीत डाउनलोड्स हे फोल्डरही घातले गेले होते. वीजबिले, दाखले आणि पहाणीच्या, म्हणजे जमिनीच्या उताऱ्याच्या, नकला उतरवून तेथेच ठेवणाऱ्या असंख्य माणसांच्या दृष्टीने तो ‘अ’ वर्गाचा कागद ‘ड’ वर्गात टाकण्याचा प्रकार होता. पुढे तो पर्याय काढून टाकण्यात आला.

सफाई करणाऱ्या प्रणालींविषयी तर अधिक सावधगिरी हवी. तात्पुरत्या फाइली काढून मोकळी झालेली जागा काही दिवसांत पुन्हा भरते, कारण त्या फाइली यंत्र कामाच्या सोयीसाठी पुन्हा निर्माण करते. यास प्रणालीचे अपयश समजू नये. विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीच्या, म्हणजे रजिस्ट्रीच्या, सफाईने यंत्र वेगवान होते हा समज मात्र टाकून द्यावा. मायक्रोसॉफ्ट अशा सफाईचे समर्थन करीत नाही, आणि एखादी आवश्यक नोंद उडाली तर चालते यंत्र बंद पडते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सीक्लीनर या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रणालीच्या एका आवृत्तीत घुसखोरांनी आपला मजकूर घुसवला आणि तो २२ लाखांहून अधिक यंत्रांवर पोहोचला. ज्याच्या हाती आपण सगळ्या दफ्तराच्या किल्ल्या देतो त्याची खातरजमा करणे किती अगत्याचे आहे, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

मराठी लेखनापुरती एक अडचण निराळी आहे आणि तिच्याविषयी फारसे लिहिले जात नाही. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी आपल्याकडील छपाईचे सारे काम श्रीलिपी, आयएसएम अशा प्रणालींतून आणि त्यांच्या स्वतंत्र टंकांतून होत असे. त्या काळातल्या निमंत्रणपत्रिका, देवस्थानांच्या स्मरणिका, शाळांची वार्षिके आज नव्या यंत्रावर उघडली की रोमी अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन गोंधळ दिसतो. माणूस समजतो की फाइल बिघडली. तो तिच्यावर दुरुस्तीच्या प्रणाली चालवतो, निराश होतो आणि शेवटी ती पुसून टाकतो. वस्तुतः मजकूर धडधाकट असतो. मूळ टंक बसवला किंवा योग्य परिवर्तक लावला की तो वाचता येतो. मोडी वाचता येईना म्हणून घरातले रुमाल रद्दीत देणाऱ्या पिढीचीच ही पुनरावृत्ती होय, आणि ती पाहून मन विषण्ण होते.

कर्नाटकात ‘भूमी’ योजनेखाली २००० सालाच्या सुमारास सुमारे २ कोटी जमीन-नोंदी संगणकात आल्या, ६७ लाख खातेदारांचे उतारे यंत्रातून मिळू लागले आणि हाताने लिहिलेली पहाणी व्यवहारातून उठली. तलाठ्याच्या मर्जीवर अवलंबून राहण्याचा काळ संपला, हे मोठेच काम झाले. तथापि नोंद उतरवून घेताना नाव चुकले, क्षेत्र चुकले, तर तिची दुरुस्ती जुन्या हस्तलिखित कागदावरूनच करावी लागते. ज्याने नवे आले म्हणून घरचे जुने उतारे टाकले त्याच्यापाशी दुरुस्तीचा आधार उरत नाही. विस्थापिताच्या बाबतीत तर जागेवर जाऊन पाहणी करण्याचाही मार्ग बंद असतो.

आणि आता काळ अशा वळणावर आला आहे की, पुसणे आणि नाश पावणे यांमधले ते जुने अंतर यंत्रानेच मिटवले आहे. २००९ साली विंडोज ७ पासून ‘ट्रिम’ ही आज्ञा आली. एसएसडी प्रकारच्या साठ्यावर फाइल पुसली की मोकळी जागा यंत्र स्वतःहून धुऊन ठेवते, आणि शोधप्रणालीला त्या ठिकाणी पुष्कळदा केवळ शून्ये आढळतात. फोनमध्ये मजकूर कूटबद्ध असल्याने तेथील कच्च्या साठ्यातून काही वाचण्याची आशा त्याहून क्षीण. अशा वेळी फोनवर ‘सर्व फोटो परत मिळवा’ असे आश्वासन देणाऱ्या प्रणालींवर पैसे खर्चणे व्यर्थ आहे. बहुधा त्या लहान आकाराच्या छायाप्रतीच दाखवतात. उरतो तो मार्ग प्रतीचा. १७७७ साली गोव्याच्या दफ्तरातून ‘मोंसोंइश’ मालेचे ६२ ग्रंथ लिस्बनला पाठवले गेले आणि पुढे त्यांतले काही तेथे छापले गेले. गोव्यातल्या दमट हवेने आणि वाळवीने जे काम केले त्यापासून ते वाचले. रामनगरातल्या एखाद्या घरातले जुन्या सुप्याचे चित्र फोनमधून गेले असेल तर ते ज्याला ज्याला पाठवले होते त्यांची आठवण करावी. बेळगावच्या मावशीचा फोन, गोव्यात नोकरीला असलेल्या पुतण्याचा संगणक, व्हॉट्सअ‍ॅपवरचा कुटुंबाचा गट, छायाचित्रकाराच्या दुकानातला साठा, असा एकेका घराचा दरवाजा ठोठावीत जावे, आणि प्रत मिळेल तेथून ती मूळ आकारातच मागून घ्यावी, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या रीतीने पाठवलेले चित्र वाटेत आक्रसून येते.